खारक्याचं अंथरूण

कळंबच्या पुढे डांबरी सोडून आत वळलं की उतारावर पदूभाऊंचं घर लागतं. घरामागे त्यांची उरलेली शेती आणि शेतीच्या शेवटी एक लांबच लांब भिंत. भिंतीपलीकडे रिसॉर्ट आहे. ती भिंत आज जिथे उभी आहे तिथे पूर्वी बांध होता. बांधाला लागून पलीकडे भोकराचं झाड होतं. भात झोडून झालं, रानात वालाच्या शेंगा भरल्या, की त्या झाडाजवळ पदूभाऊ पोपटी लावायचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचे, आणि आम्ही भिसेगावहून सायकली हाणत यायचो. झाड गेलं, सायकली गेल्या. येणाऱ्यांतलेही बरेच गेले. पदूभाऊ आहेत. त्यांच्याजवळ खारक्या नावाचा कुत्रा आहे. ही गोष्ट त्याच्या अंगाच्या खाजेची आहे, पण सांगायला बसलो की ती पदूभाऊंचीच होते.

पोपटी सगळेच लावतात. पदूभाऊ लावायचे ती बघत बसावी अशी. कोरं मडकं घ्यायचे. तळाला भांबुर्ड्याचा जाड थर. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मसाल्यात मुरवलेली कोंबडी, अंडी, पुन्हा शेंगा. मग मडक्याचं तोंड भांबुर्ड्याने दाबून दाबून बंद. मडकं जमिनीवर पालथं, वर पेंढा, गोवऱ्या, काटक्या, आणि जाळ. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. जी चव येते ती भांबुर्ड्याची. हे गुडघाभर उंचीचं रानटी झाड. भात निघून गेलेल्या वावरात थंडीत आपोआप उगवतं, कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. पानं मऊ, लवदार. चुरगळली की ओवा आणि कापूर यांच्यामधला कुठलातरी वास येतो. बोटांना लागला की दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही.

पोपटी झाली की नाही हे पाहायला लोक तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र करून थेंब उडाला की झाली. पदूभाऊ पाणी शिंपडत नसत. वारा ज्या बाजूला वाहतोय तिकडे जाऊन उभे राहायचे आणि नाक वर करायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "कच्च्या शेंगा खायच्या तर रानात जाऊन वेलाखाली बस."

उमेदीची वर्षं त्यांनी साजगावला एका कारखान्यात बॉयलरवर काढली. आठवडाभर लोखंडातली आग आणि शनिवारी शेतातली. मला वाटतं, कारखान्यातल्या आगीला वास नव्हता म्हणून ते दर शनिवारी धावत घरी येत असावेत. त्यांनी असं कधी बोलून दाखवलं नाही. ते फक्त यायचे, शर्ट बदलायचे आणि कोयता घेऊन भांबुर्डा आणायला निघायचे.

नोकरी सुटली त्याच सुमाराला आजूबाजूची शेतं विकली गेली. बांध पुसले, पांढऱ्या दगडांनी प्लॉट आखले गेले, आणि प्लॉटच्या कुंपणात गवत माजलं. ह्या सगळ्या उलथापालथीत पेंढ्याच्या उडवीत एका कुत्रीने पिल्लं घातली. कुत्री नंतर दिसली नाही. पिल्लांपैकी एक राहिलं. सुक्या खारकेच्या रंगाचं. गोदावहिनींनी, म्हणजे पदूभाऊंच्या बायकोने, त्याला खारक्या म्हणायला सुरुवात केली.

"नाव ठेवलंस म्हंजे आता ठेवावा लागंल," पदूभाऊ म्हणाले.

"तुमाला ठेवलाच हाय की इतकी वर्षं," वहिनी म्हणाल्या.

खारक्याच्या अंगात एक गुण निघाला. पहिल्याच थंडीत पदूभाऊंच्या मागून तो भांबुर्डा काढायला गेला, आणि दुसऱ्या थंडीत पुढे धावू लागला. शेतं कमी झाली तसा भांबुर्डाही विरळ झाला होता. कुठल्या भिंतीमागे, कुठल्या ओसाड प्लॉटच्या कोपऱ्यात तो उगवला आहे हे शोधत हिंडावं लागे. खारक्या नाक वर करून क्षणभर उभा राहायचा, मग एका रेषेत सुटायचा. पदूभाऊ पोचेपर्यंत तो भांबुर्ड्याच्या मधोमध उभा असायचा. फक्त पाठ आणि शेपूट वर दिसायची. पदूभाऊ कापायला बसले की तो तिथेच लोळायचा, पोट वर करून, चारी पाय हवेत. मी ते पाहिलं आहे. एका म्हाताऱ्या माणसाचं आणि एका जनावराचं सुख एकाच वासात मावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पोपटी आता रिसॉर्टवाल्यांना हवी असते. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, शेकोटीभोवती खुर्च्या मांडून बसतात, पालथ्या मडक्याचे फोटो काढतात. रिसॉर्टचा मॅनेजर निलेश ह्याच गावचा, पदूभाऊंच्या नात्यातला. त्याने पदूभाऊंना बोलावलं, आणि पदूभाऊंना ते आवडलं. भिंत बांधली गेली तेव्हा ते एक अक्षर बोलले नव्हते. पण थंडीत शनिवारी त्या भिंतीतलं लहान फाटक त्यांच्यासाठी उघडायचं. आत गेलं की भोकराच्या झाडाची जागा त्यांना पावलांनी कळायची. तिथेच ते मडकं पालथं घालायचे. खारक्या शेजारी बसायचा. वर्षातले ते दोन-अडीच महिने सोडले तर पदूभाऊ म्हणजे भिंतीमागे राहणारा एक म्हातारा होता. हे त्यांना ठाऊक होतं.

खाज तिसऱ्या थंडीत सुरू झाली.

आधी तो नुसते पंजे चाटायचा. मग काखेत दात घालून कुरतडायचा. मग पोटावर लाल चट्टे उठले, केस विरळ झाले, आणि बसल्या बसल्या पोट जमिनीला घासत तो पुढे सरकू लागला. वहिनींना वाटलं थंडीने कातडी सुकली असेल, म्हणून त्यांनी खोबरेल लावलं. शेजारचा रोहिदास टेंपो चालवतो. त्याने लांबूनच निदान केलं.

"लूत हाय ती, काकी. माज्याकडं जळकं ऑइल हाय. त्यात गंधक कालवा आन् चोळा. जुनी कातडी जाती, नवी येती."

"कुत्रा हाय का तुज्या टेंपोचा गियर?" वहिनी म्हणाल्या. "चाटल आन् मरल तो. हो तिकडं."

पदूभाऊंचं मत वेगळं होतं. पिसवा असणार. आणि पिसवांवर त्यांच्याकडे खात्रीचा उपाय होता. त्यांची आई कोंबड्यांच्या खुराड्यात भांबुर्डा पसरायची, उवा होऊ नयेत म्हणून. त्या वासाला बारीक जीव टिकत नाहीत, असं तिचं म्हणणं. पदूभाऊंनी खारक्यासाठी एक मोठं नवं गोणपाट घेतलं, ताज्या भांबुर्ड्याने भरलं, तोंड शिवलं, आणि पडवीत त्याचं अंथरूण केलं. वर आणखी पानं पसरली. पाला सुकला की नवा. तसं भांबुर्ड्याचं अंथरूण पहिल्या थंडीपासूनच होतं. आता त्यांनी ते दुप्पट जाड केलं. खारक्याला ते इतकं आवडायचं की संध्याकाळी पदूभाऊ पाला आणताना दिसले की तो आधीच जाऊन गोणपाटावर बसायचा.

ती थंडी गेली. उन्हाळ्यात पाला सुकून फेकला गेला. पावसाळ्यात खारक्याचं अंग पुन्हा तुकतुकीत झालं, आणि सगळे विसरले.

पुढच्या थंडीत, भांबुर्डा उगवला तसा तो पुन्हा खाजवू लागला. ह्या वेळी रक्त येईपर्यंत.

पदूभाऊंनी त्याला रोहिदासच्या टेंपोत घालून कर्जतला नेलं. तिथे सुप्रिया डॉक्टर जनावरं बघतात. वयाने लहान आहेत, हळू बोलतात. त्यांनी आधी बारीक फणीने खारक्याचे केस विंचरले, फणीत आलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले आणि थांबल्या.

"पिसवांची घाण असती तर कापूस लाल झाला असता काका. तिच्यात रक्त असतं. ही नुसती माती आहे."

मग त्यांनी चट्ट्याच्या कडेची कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. दुसऱ्या जागची घेतली, तीही बघितली.

"लुतीचे किडे दिसत नाहीत. लूत नाही ही."

"मंग हाय काय?"

"अ‍ॅलर्जी असावी. म्हणजे एखादी साधी गोष्ट ह्याच्या अंगाला शत्रू वाटायला लागलीय. दुसऱ्या कुत्र्याला तिचं काहीच होणार नाही. ह्याचं अंग मात्र तिच्याशी भांडतं, आणि ते भांडण म्हणजे ही खाज. कुणाला पिसू चावल्याने होतं, कुणाला धुळीने, कुणाला खाण्यातल्या एखाद्या जिनसेने. कशाने ते शोधावं लागतं. वेळ लागतो. काय खातो हा?"

"आमी खातो तेच. आन् शनवारी पोपटीतली कोंबडी. पाव्हणे घालतात."

"थंडीतच?"

"थंडीतच की. पोपटी काय आखाडात लावत्यात?"

इथे सुप्रिया डॉक्टरांचा संशय कोंबडीवर गेला, आणि कुणाचाही गेला असता. त्यांनी सांगितलं, दोन महिने कोंबडी नाही, अंडं नाही, बिस्कीट नाही, कुणाच्या हातचं हाडूक नाही. भात, भोपळा आणि सोयाबीन. जखम पिकली होती तिच्यासाठी गोळ्या दिल्या. माणसांच्या गोळ्या मनाने घालू नका, म्हणाल्या. आणि विचारलं, झोपतो कुठे? पदूभाऊंनी सांगितलं, पडवीत. भांबुर्ड्याचं सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. औषध कुणी कारणांमध्ये मोजत नाही.

"सोयाबीन?" घरी वहिनी म्हणाल्या. "आवं, त्या मुक्या जिवानं काय पाप केलंय?"

पण नियम पाळला गेला. तो इतका नीट पाळला गेला की त्यातूनच पुढचं सगळं झालं. पाहुण्यांनी हाडूक घालू नये म्हणून पदूभाऊ खारक्याला पडवीत बांधून जाऊ लागले. पूर्वी दिवसभर रानात हिंडणारा तो कुत्रा आता दिवसरात्र आपल्या अंथरुणावर पडून राहू लागला. बांधून ठेवल्याची पदूभाऊंना टोचणी लागायची, म्हणून ते येताना त्याच्यासाठी ताज्या भांबुर्ड्याचा भारा आणायचे आणि आणखी मऊ करून पसरायचे. गोळ्यांनी चार-सहा दिवस बरं वाटलं. गोळ्या संपल्या, आणि त्यानंतर जे झालं ते मी पौषात गेलो तेव्हा पाहिलं. पोटावर केस उरले नव्हते. काखा काळ्या आणि जाड झाल्या होत्या, हत्तीच्या कातडीसारख्या. तो मला पाहून उठला, शेपूट हलवली, आणि शेपूट हलवता हलवताच खाली बसून पोट चावू लागला.

त्याच दिवशी निलेश आला होता. पायरीवर बसला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवला.

"तात्या, राग मानू नका. गेस्ट लोक इचारतात, मडकं भरणारा मानूस त्याच हातानं कुत्र्याला औषध लावतो का? एका बाईनं फाटकातनं इकडं येऊन फोटो काढला ह्याचा. नेटवर टाकला."

"मी हात धुतो," पदूभाऊ म्हणाले.

"मला म्हाईत हाय तुमी धुता. त्यांना म्हाईत नाय. मालक म्हनतो, एकतर कुत्रा तुमच्या दारात दिसायला नको, नायतर दुसरा मानूस बघा. मी कोनाला बघू? तुमच्यासारखी पोपटी लावतो कोन?"

तो वाईट मुलगा नाही. त्याच्या बापाने विकलेल्या जमिनीवर तो पगारी काम करतो, एवढंच. तो गेल्यावर पदूभाऊंनी त्याचा कप विसळून पालथा घातला. फाटक, भोकराची जागा, थंडीतले ते शनिवार एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला पायाशी बसलेला, स्वतःला खाणारा हा जीव. मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "त्याचे हाल बगवत नाय मला. इतं राहून तो मरंल." मला त्यातलं अर्धं खरं वाटलं आणि अर्ध्याचा मी विचार करत राहिलो.

रोहिदासने तोड काढली. खोपोलीच्या पुढे हायवेला त्याच्या ओळखीचा एक ढाबेवाला होता. त्याच्याकडे पाच-सहा कुत्री मोकळी असत. तिथे सोडू. जगला तर जगला. पदूभाऊ हो म्हणाले.

सकाळी टेंपो दारात उभा राहिला. पुढचं मला भाग्यश्रीने, त्यांच्या सुनेने, सांगितलं. टेंपो आला तशा वहिनी रोहिदासला म्हणाल्या, "बस. च्या घे." चहा झाला. "आता भाकरी टाकते, खाऊन जा." रोहिदास म्हणाला, उशीर होतोय. "का रं, ढाब्यावर तुजा सायेब वाट बगतोय?" त्याने पाट ओढला. तोवर भाग्यश्री मागच्या दाराने निघून आळीच्या टोकाला पोचली होती. त्या दिवशी सुप्रिया डॉक्टर गावात गुरांना लस टोचायला येणार आहेत हे वहिनींनी आदल्या दिवशी ऐकून ठेवलं होतं, आणि कुणालाही सांगितलं नव्हतं.

सुप्रिया डॉक्टर शेणाने भरलेल्या बुटांनी पडवीसमोर येऊन उभ्या राहिल्या. खारक्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

"कोंबडी दिली?"

"शप्पत नाय."

"मग कोंबडी नाहीच. चुकले मी." त्या खाली बसल्या, त्याला हळूच कुशीवर वळवलं. पाठ बघितली. पाठीवर केस दाट होते, तकतकीत. कान साफ होते. मग पोट, काखा, पायांच्या बोटांमधली कातडी. जिथे केस विरळ आणि जे जमिनीला टेकतं, तेवढंच पेटलेलं होतं. त्यांनी त्याच्या अंगाखालून एक पान ओढून काढलं, चुरगळलं, वास घेतला.

"हे काय आहे?"

"भांबुर्डा," पदूभाऊ म्हणाले. "पिसवा लागू नये म्हनून. एक पिसू नाय त्याच्या अंगावर, बगा तुमी."

"हे रोज टाकता?"

"रोज ताजा. आदी कमी टाकायचो. खाज वाढली तसा वाढवला."

सुप्रिया डॉक्टर आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, मला वाटतं ह्यानेच होतंय."

"ह्यानं? ह्यात तर तो लहानाचा मोटा झाला. पयली दोन वर्सं काय नाय झालं त्याला."

"तसंच होतं. पहिल्या भेटीत कधीच होत नाही. अंग आधी त्या गोष्टीची ओळख करून घेतं. पुन्हा पुन्हा भेट होते, आणि एक दिवस ते उलटतं."

पदूभाऊंनी ह्यावर वाद घातला नाही. कारखान्यात त्यांच्या जोडीला एक गवंडी होता, वाल्मिक नावाचा. आयुष्यभर सिमेंटमध्ये हात घालून काम केलं, आणि पन्नाशीला आल्यावर सिमेंटचा हात लागला की कोपरापर्यंत फोड यायचे. पदूभाऊंना तो आठवला. "जी वस्तू कदी पायलीच नाय तिची अंगाला चीड येत नाय," असं त्यांनी मला मागाहून समजावून सांगितलं. मी घरी येऊन त्याच वाक्यावर बराच काळ अडून होतो. जुन्या ओळखीचीच फक्त खाज सुटते. म्हणजे तीही एक आठवणच झाली, अंगाने ठेवलेली. मनातली धूसर होत जाते, ही दर थंडीत चढत जाते.

ते गोणपाट त्याच सकाळी पदूभाऊंनी अंगणाच्या टोकाला नेऊन पेटवलं. भाग्यश्री खारक्याला आत घेऊन दार लावून बसली. ओल्या पाल्याचा दाट पांढरा धूर निघाला, आणि आळीभर पोपटीचा वास सुटला. वरच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "पदू, सकाळीच पोपटी रं?" पदूभाऊ काठीने पाला जाळात ढकलत राहिले. रोहिदासने टेंपो मागे घेतला आणि खोपोलीला रिकामाच गेला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. अंथरूण सुती, जुन्या लुगड्याचं, गरम पाण्यात धुतलेलं. बाहेरून आला की पोट आणि पंजे साध्या पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पिकलंय ते बरं होईतो गोळ्या. भांबुर्डा त्याच्या अंगाला लागता कामा नये. आणि ज्याच्या हाताला, कपड्याला भांबुर्डा लागलाय त्याने त्याला जवळ घेता कामा नये. निदान महिना-दीड महिना, म्हणजे नक्की कळेल.

"बरा व्हईल ना पन?" वहिनींनी विचारलं.

"ही बरी होऊन संपणारी गोष्ट नाही, काकू. सांभाळायची गोष्ट आहे. सांभाळली तर तो मजेत जगेल."

शेवटची अट ऐकून पदूभाऊ आपल्या हातांकडे बघत राहिले होते. बोटांच्या टोकांवर हिरवट काळे डाग होते, दर थंडीत असतात तसे. त्या शनिवारी ते फाटकाशी गेले आणि निलेशला म्हणाले, "दुसरा मानूस बग."

"तात्या, कुत्रा दिसायला नको एवढंच म्हनलो होतो मी. तुमी या की."

"मी आलो की तो येतोच रं. माज्या आंगाला बसून."

माघ अर्धा झाला तोवर खारक्याच्या पोटावर बारीक लव आली. तो झोपायला लागला. रात्रभर नखांचा जो आवाज घरभर व्हायचा तो थांबला, आणि त्या शांततेने आपल्यालाच जाग येते असं वहिनी म्हणाल्या. पण पदूभाऊंच्या मनात अजून एक फट होती. गोळ्यांनीही बरा झाला असेल. सोयाबीननेही झाला असेल. भांबुर्ड्यावर त्यांना आळ येऊ द्यायचा नव्हता.

त्याचा निकाल खारक्यानेच लावला. एका दुपारी दोर तोंडाने सोडवून तो पळाला. पदूभाऊंनी हाका मारल्या नाहीत. तो कुठे असेल हे त्यांना माहीत होतं. ओढ्यापलीकडच्या एका पडीक प्लॉटच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्याही वर वाढलेल्या, फुलं येऊन जून झालेल्या भांबुर्ड्याच्या मधोमध तो उभा होता. पाठ आणि शेपूट तेवढी दिसत होती. पदूभाऊ कोयता घेऊन येतील म्हणून तो थांबला होता. त्यांना बघितल्यावर तो लोळला, पोट वर करून, चारी पाय हवेत.

"मी उबा राहिलो बगत," पदूभाऊ मला म्हणाले. "बोलवायला पायजे होता लगेच. नाय बोलवला. थोडा लोळू दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट लाल होतं.

ह्या वर्षी पौषात पदूभाऊंचा निरोप आला. "या. पन भांबुर्ड्याची नाय, आदीच सांगतो." मी गेलो. अंगणात मडकं तयार होतं, आणि त्याच्या शेजारी केळीची पानं. तळाला केळीचं पान, तोंडाला केळीचं पान. शहरातली माणसं भांबुर्डा मिळत नाही म्हणून केळीच्या पानात पोपटी लावतात तेव्हा त्यांना नावं ठेवणारा हा माणूस खाली मान घालून पानं दुमडत होता. रोहिदास होता, वहिनी आणि भाग्यश्री होत्या. खारक्या मोकळा होता. लुगड्याच्या घडीवर बसून जाळाकडे बघत होता. कोंबडी त्याला आता चालते. तिचा काही दोष नव्हता.

ऊन उतरलं होतं. माथेरानच्या डोंगराची कड काळी होऊ लागली होती. पदूभाऊ सवयीने वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले, मग परत आले आणि तांब्यातलं पाणी मडक्यावर शिंपडलं. मी त्यांना हे करताना पहिल्यांदाच बघितलं. केळीचं पान त्यांच्या नाकाला काही सांगत नसावं.

शेंगा ताटात पडल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. मीठ बरोबर होतं, शिजल्याही नीट होत्या.

"काका, खरं सांगू?" रोहिदास म्हणाला. "ही पोपटी नाय. उकडलेल्या शेंगा हायत."

"मंग नको खाऊ."

"खातोय की."

"खातो तर गप खा," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी घातल्या.

जाळ बसत चालला होता. तेवढ्यात वारा फिरला आणि भिंतीपलीकडून वास आला. निलेशने दुसरा माणूस आणला होता. तिकडेही मडकं पालथं पडलं होतं, आणि त्यात भांबुर्डा होता. आमच्या हातातल्या शेंगा क्षणभर हातातच राहिल्या. मी बघितलं, पदूभाऊंनी नाक वर केलं होतं. त्यांच्या पायाशी खारक्यानेही. दोघंही त्याच बाजूला तोंड करून, डोळे अर्धे मिटून.

"जरा कच्ची हाय अजून," पदूभाऊ म्हणाले. "घाई करतील बग."

कुणी उठलं नाही. मग त्यांनी बादली जवळ ओढली, खारक्याचा पुढचा पंजा पाण्यात धरला आणि बोटांच्या मधली राख सावकाश धुऊ लागले. एक पंजा झाला, कोरडा केला, तसा त्याने आपणहून दुसरा पुढे केला.